बाळाच्या झोपेचा सल्ला छापताना वयही छापावे

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तान्ह्या बाळाला रात्री झोपायची सवय कशी लावावी, हा वृत्तपत्रांच्या पुरवण्यांचा आवडता विषय आहे आणि तो असायलाही हवा. कारण घरात पहिले बाळ आल्यावर रात्री दोन वाजता विचारायला कोणी नसते, छापील मजकूर मात्र हाताशी असतो. या मजकुरातला बहुतेक सल्ला चुकीचा नसतो. माझी तक्रार निराळी आहे. सल्ला दिला जातो, पण तो किती वयाच्या बाळासाठी आहे हे सांगायचे राहून जाते. दहा दिवसांचे, दहा आठवड्यांचे आणि दहा महिन्यांचे मूल, या तिघांनाही आपण बाळच म्हणतो. झोपेच्या बाबतीत मात्र त्यांच्यात इतके अंतर असते की एकाला लागू पडणारी गोष्ट दुसऱ्यासाठी निरुपयोगी आणि तिसऱ्यासाठी धोक्याची ठरू शकते. बालरुग्ण विभागात परिचारिका म्हणून काम करताना या गोंधळाने हैराण झालेले आईवडील मला नेहमी भेटत आले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नवजात बाळापासून सुरुवात करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार पहिल्या तीन महिन्यांत बाळाला चोवीस तासांत १४ ते १७ तास झोप लागते आणि चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसाच्या झोपा धरून १२ ते १६ तास. आकडा मोठा दिसतो, पण नवजात बाळ ही झोप दोन-तीन तासांच्या तुकड्यांत घेते आणि हे तुकडे दिवसा-रात्री सारखेच विखुरलेले असतात. दिवस-रात्रीचे भान ठेवणारे मेंदूतले घड्याळ जन्मतः पुरते चालू झालेले नसते. अंधार पडल्यावर झोपेची वेळ झाल्याचे शरीराला सांगणारे मेलाटोनिन हे संप्रेरक ठरावीक लयीत पाझरू लागायला बाळाचा दुसरा-तिसरा महिना उजाडतो. तोपर्यंत आईच्या रात्रीच्या दुधातून मिळेल तेवढेच. दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसते. या अवस्थेतल्या बाळाला रात्री झोपायला ‘शिकवणे’ शक्य नाही, आणि ज्यांचे तीन आठवड्यांचे बाळ रात्री दर अडीच तासांनी उठते त्यांच्या हातून काहीही चुकलेले नाही. हे एक वाक्य ठळक टाइपात छापले, तरी अनेक घरांतले वातावरण निवळेल.

वय न सांगता दिलेला सल्ला कसा अंगावर येतो, याचे उदाहरण म्हणजे ‘झोपलेल्या बाळाला कधीही उठवू नका’ हे वाक्य. पाच महिन्यांच्या, चांगले वजन वाढणाऱ्या बाळाच्या बाबतीत ते रात्रीपुरते योग्य आहे. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते आणि ते भरून यायला साधारण दोन आठवडे लागतात. त्या काळात बाळ फार वेळ झोपून राहिले, तर त्याला उठवून पाजावे लागते. कावीळ झालेले किंवा कमी वजनाचे बाळ पेंगुळलेले असते, त्यामुळे दूध कमी पिते, आणि दूध कमी मिळाल्यामुळे अधिकच पेंगुळते. अशा बाळाच्या आईने ते वाक्य प्रमाण मानले, तर बाळ किती गुणी आहे याचे कौतुक होत राहील आणि दुखणे मात्र वाढत जाईल.

नवजात बाळाच्या झोपेची आणखी एक बाजू पुरवण्यांत क्वचितच वाचायला मिळते. त्याच्या झोपेचा जवळजवळ अर्धा भाग चुळबुळीच्या झोपेचा असतो. त्या वेळी बंद पापण्यांआड डोळे फिरतात, ओठ हलतात, हातपाय झटकले जातात, मधूनच कण्हल्यासारखा किंवा रडल्यासारखा आवाजही येतो, आणि हे सगळे होत असताना बाळ झोपलेले असते. प्रौढ माणसाच्या झोपेचे एक आवर्तन सुमारे दीड तासाचे असते, तर बाळाचे जेमतेम ५० ते ६० मिनिटांचे. म्हणजे अशा चुळबुळीची पाळी रात्रीतून अनेकदा येणार. पहिल्या कण्हण्यालाच बाळाला उचलले, दिवा लावला, दुपटे बदलले, की झोपलेले बाळ आपणच जागे करतो. मिनिटभर हात आवरून पाहत राहावे. खरोखर भूक लागलेले बाळ तोंड उघडून मान वळवू लागते, मुठी चोखते, आणि तेवढ्यानेही कोणी आले नाही तर आपले म्हणणे स्पष्ट करायला ते समर्थ असते.

याच वयात बाळ मांडीवर गाढ झोपते आणि अंथरुणावर टेकवताच डोळे उघडते, ही तक्रार जगभरच्या आया करत आल्या आहेत. आपली झोप आधी गाढ होत जाते. नवजात बाळ मात्र झोपेत शिरते तेच या चुळबुळीच्या झोपेतून. जपानमधील रिकेन संस्थेच्या कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून एक उपयोगी सूचना निघाली: रडणाऱ्या बाळाला उचलून पाच मिनिटे संथपणे, न थांबता चालावे, आणि त्याचा डोळा लागल्यावर लगेच खाली न ठेवता पाच ते आठ मिनिटे त्याला घेऊन बसून राहावे. अभ्यास अवघ्या २१ बाळांवरचा आहे, तेव्हा त्याला वेदवाक्य मानू नये; पण करून पाहायला काही खर्च नाही आणि त्यामागचे कारण पटण्याजोगे आहे.

पहिल्या तीन महिन्यांत आईवडिलांच्या हाती असते ते दिवस आणि रात्र यांतला फरक बाळाच्या अनुभवास आणून देणे. सकाळी पडदे उघडावेत, दुपारच्या झोपेसाठी घर काळोखे करू नये आणि दिवसा घरातले बोलणे-चालणे नेहमीच्या आवाजात चालू द्यावे. रात्रीच्या पाजण्याच्या वेळी उजेड मंद, बोलणे जवळजवळ नाही, लंगोट भिजून जड झाला असेल किंवा शी झाली असेल तरच बदलणे, आणि पाजून ढेकर काढली की पुन्हा अंथरूण. ब्रिटनमधील संशोधक इव्हॉन हॅरिसन यांना २००४ मध्ये असे आढळले होते की रात्री चांगली झोपणारी बाळे दुपारी, विशेषतः बारा ते चार या वेळात, अधिक उजेडात असलेली होती. उजेड म्हणजे कडक ऊन नव्हे. खिडकीजवळची मोकळी जागा पुरते.

सहाव्या आठवड्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये ८० बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत सहाव्या आठवड्याच्या सुमारास रडण्याचा काळ दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत पोहोचलेला दिसतो आणि पुढे तो उतरत जातो. हे रडणे बरेचसे संध्याकाळी होते, आणि तेही पोट भरलेले, अंग कोरडे, ताप नाही अशा बाळाचे. आईला वाटते दूध पुरत नाही, आजीला वाटते पोटात वायू धरला, बाबांना वाटते डॉक्टर बदलावा. बहुतेक वेळा औषध एकच असते, ते म्हणजे आणखी काही आठवडे जाऊ देणे. या दिवसांत जागरणाने मेंदू शिणलेला असतो आणि आवाज सहन होईनासा होतो. अशा वेळी बाळाला उताणे, सुरक्षित जागी ठेवून दार ओढून घ्यावे आणि चार-पाच मिनिटे बाहेर जाऊन श्वास घ्यावा. त्यात अपराधी वाटण्यासारखे काहीही नाही. बाळाला गदागदा हलवण्याने मेंदूत रक्तस्राव होऊन कायमची इजा किंवा मृत्यू ओढवू शकतो, ही सूचना झोपेवरच्या प्रत्येक लेखात असायला हवी, कारण ती चूक करणारी माणसे क्रूर असतातच असे नाही. पुष्कळदा ती फक्त थकलेली असतात.

आता तिसऱ्या महिन्याविषयी. या वयात बाळ रात्रभर झोपू लागते, असे विधान सर्रास केले जाते आणि शेजारचे बाळ झोपते हेही त्याबरोबर ऐकवले जाते. लंडनमधील १६० बाळांच्या पाहणीवरून मूर आणि अको यांनी १९५७ मध्ये लिहिले होते की तीन महिन्यांपर्यंत ७० टक्के बाळांची रात्रीची झोप जुळून येते आणि सहा महिन्यांपर्यंत आणखी १३ टक्क्यांची. पण त्यांनी रात्र धरली होती ती मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंतची, आणि झोप जुळलेल्यांपैकी बरीच बाळे पुढच्या महिन्यांत पुन्हा उठू लागली होती. पाच तासांच्या त्या रात्रीचे आपण मनातल्या मनात दहा तास करून टाकतो आणि मग आपले बाळ मागे पडले असे समजतो. अलीकडचा दाखला हवा असेल, तर कॅनडातील ३८८ बाळांवरचा २०१८ चा अभ्यास पाहावा. सहा महिन्यांच्या वयात त्यांतली सुमारे ३८ टक्के बाळे सलग सहा तास झोपत नव्हती आणि ५७ टक्के सलग आठ तास. वर्षाच्या वयातही २८ टक्के बाळांना सलग सहा तास जमत नव्हते. या बाळांच्या बौद्धिक आणि शारीरिक विकासात काही उणे आढळले नाही. अंगावर पिणाऱ्या बाळांचे प्रमाण मात्र त्यांच्यात अधिक होते.

मग शिकण्यासारखे काही असतेच की नाही? असते, पण त्याची वेळ साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यानंतर येते. थॉमस अँडर्स यांनी १९७९ मध्ये बाळांच्या झोपेचे रात्रभर चित्रीकरण केले, तेव्हा घरचे ज्यांना सलग झोपणारी समजत होते ती बाळेही रात्री जागी होताना दिसली. फरक इतकाच की काही बाळे इकडेतिकडे पाहून, अंगठा चोखून आपली आपण पुन्हा झोपत होती, तर काही कोणाला तरी बोलावत होती. तेव्हा न उठणारे बाळ ही अपेक्षाच सोडून द्यावी. उठल्यावर स्वतः परत झोपणारे बाळ ही अपेक्षा धरता येते. ते साधण्याचा सौम्य मार्ग म्हणजे रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने, अर्ध्या तासात आटपणारी निजण्याची तयारी: अंग पुसणे, कपडे बदलणे, पाजणे, एखादी अंगाई, आणि मग डोळे जड झालेले पण अजून मिटले नसताना अंथरुणावर ठेवणे. जोडी मिंडेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ४०५ माता आणि मुलांवर केलेल्या प्रयोगात केवळ अशा ठरलेल्या क्रमाने मुलांचे झोपेला लागणे आणि रात्री उठणे दोन्ही सुधारले, शिवाय आयांची मनःस्थितीही. क्रमात पाजणे अगदी शेवटी न ठेवता थोडे आधी आणले, तर स्तन किंवा बाटली तोंडात असल्याशिवाय झोपच लागत नाही ही गाठ सैल होते. पहिल्या दिवशी जमले नाही तर थोपटून झोपवावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहावे; यात कोणी गुण देत नाही.

बाळाला थोडे रडू द्यावे की नाही, यावर घराघरांत दोन तट पडतात आणि वृत्तपत्रांतही. इथे तर वय हाच सगळा मुद्दा आहे. ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये मायकेल ग्रॅडिसार यांनी ४३ बाळांवर केलेल्या अभ्यासात, थोड्या-थोड्या वेळाने जवळ जाऊन धीर देत बाळाला स्वतः झोपू देण्याच्या पद्धतीमुळे बाळाचा ताण वाढलेला किंवा आईशी असलेले नाते बिघडलेले आढळले नाही. ती बाळे ६ ते १६ महिन्यांची होती. त्याच देशात झोपेची तक्रार असलेल्या सात महिन्यांच्या ३२६ बाळांचा अभ्यास झाला. आठव्या महिन्यापासून काहींच्या घरी अशा सौम्य पद्धती शिकवल्या, बाकीच्यांना नेहमीची सेवा मिळाली, आणि मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा तपासले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तोवर दोन्ही गटांत काही फरक उरला नव्हता. ना हानी, ना लाभ. याउलट पामेला डग्लस आणि पीटर हिल यांनी २०१३ मध्ये पहिल्या सहा महिन्यांत झोप शिकवण्याविषयीच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा त्यातून बाळांचा किंवा आयांचा फायदा होत असल्याचे त्यांना दिसले नाही. म्हणजे ‘रडू दिले तरी काही बिघडत नाही’ हे वाक्य आठ महिन्यांच्या बाळाबद्दल म्हणता येते आणि दोन महिन्यांच्या बाळाबद्दल म्हणता येत नाही. आठ महिन्यांच्या बाळाच्या आईला ते करवत नसेल, तर तिने करू नये. न केल्याने मूल बिघडते असेही कोणी दाखवून दिलेले नाही.

झटपट उपायांविषयी थोडक्यात. वरचे अन्न लवकर सुरू केले की बाळ रात्री झोपते, ही समजूत अगदीच निराधार नाही. ब्रिटनमधील १,३०३ बाळांच्या एका चाचणीत तीन महिन्यांपासून अन्न घेणारी बाळे सहाव्या महिन्याच्या सुमारास रात्री जास्तीत जास्त १६ ते १७ मिनिटे अधिक झोपली. एवढ्या मिनिटांसाठी सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस बाजूला सारावी का, हे ज्याने त्याने ठरवावे. मी सारणार नाही. सहा महिन्यांच्या आत पाणी पाजू नये आणि वर्षाच्या आत मधाचे बोटही लावू नये, कारण मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. झोप आणणारे म्हणून दिले जाणारे सर्दीचे डायफेनहायड्रामिन २००६ मध्ये ६ ते १५ महिन्यांच्या बाळांवर तपासून पाहिले असता बिनऔषधाच्या द्रवापेक्षा सरस ठरले नाही आणि चाचणी मध्येच थांबवण्यात आली.

यानंतरची विनंती मजकुराबद्दल नाही, छायाचित्रांबद्दल आहे. झोपेवरच्या लेखासोबत पालथे निजलेले, मऊ उशीत रुतलेले, भोवती कापडी अस्वले मांडलेले गोजिरवाणे बाळ छापले जाते. लेखात बाळाला उताणे निजवा असे लिहिलेले असले, तरी वाचकाच्या लक्षात राहते ते चित्र. अमेरिकेत १९९२ मध्ये बाळांना पालथे न निजवण्याची शिफारस झाली, १९९४ पासून त्याचा मोठा प्रचार झाला आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू पुढच्या दशकात निम्म्याहून अधिक घटले. हा धोका दुसऱ्या ते चौथ्या महिन्यांत सर्वाधिक असतो आणि असे सुमारे ९० टक्के मृत्यू सहा महिन्यांच्या आत होतात. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०२२ च्या सूचना अशा आहेत: प्रत्येक झोपेला बाळ उताणे, अंथरूण सपाट, टणक, उतार नसलेले, जवळ उशी, जाड पांघरूण, खेळणी नाहीत, घरात डोक्यावर टोपी नाही, आणि किमान सहा महिने आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतंत्र अंथरुणावर. दुपट्यात गुंडाळायचे असेल, तर बाळ कुशीवर वळू पाहू लागताच ते बंद करायचे, मग त्याचा कितवा महिना चालू आहे हे पाहायचे नाही. आईला पाजता-पाजता डुलकी लागण्याची शक्यता असेल, तर तिने सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसण्याऐवजी उशा-पांघरुणे बाजूला सारलेल्या पलंगावर पाजावे, हेही त्या सूचनांमध्ये आहे आणि ते मला फार व्यवहारी वाटते. सोफा हे बाळासाठी सर्वांत घातक अंथरूण आहे. धूम्रपान करणाऱ्या, मद्य किंवा गुंगीचे औषध घेतलेल्या व्यक्तीशेजारी, तसेच चार महिन्यांच्या आतील किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला एकाच अंथरुणात घेतल्यास धोका कितीतरी वाढतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय जन्मतारखेपासून न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे लागते. दोन महिने आधी जन्मलेल्या, आज पाच महिन्यांच्या बाळाकडून झोपेच्या बाबतीत तीन महिन्यांच्या बाळाचीच अपेक्षा धरायची. काही बाबतींत मात्र वाट पाहायची नसते. तीन महिन्यांच्या आत ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक ताप, पाजण्यासाठीही न उठणे, झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटणे, रोजचे घोरणे, वजन न वाढणे, हिरवी उलटी यांपैकी काहीही दिसले, तर झोपेचा विचार बाजूला ठेवून बाळाला डॉक्टरांकडे न्यावे. ताप, श्वास, हिरवी उलटी आणि न उठणे यांसाठी तर रात्र असली तरी.

आणखी एका व्यक्तीची झोप या लेखांतून सुटते, ती म्हणजे आईची. रात्रीचे एक पाजणे काढून ठेवलेल्या दुधावर किंवा बाटलीवर बाबांनी किंवा घरातल्या दुसऱ्या कोणी सांभाळले, अथवा पाजून झाल्यावर ढेकर काढून निजवण्याचे काम घेतले, तरी तिला सलग चार तास मिळू शकतात आणि त्या सलग झोपेची किंमत मोठी असते. पण बाळ गाढ झोपलेले असताना, घर शांत असताना आणि अंग थकलेले असतानाही तिला झोप लागत नसेल, रडू येत असेल, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले असेल किंवा मनात भलतेसलते विचार येत असतील, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत आणि अंगावर पाजत असतानाही ते घेता येतात. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात आला, तर दोन आठवडे काय, एक दिवसही थांबू नये. बाळाची झोप सुधारली की आई आपोआप बरी होईल, असे घरच्यांनी धरून चालू नये. तिला डॉक्टरांकडे घेऊन जावे, आणि ‘बाळ झोपत नाही’ एवढेच न सांगता ‘हिला झोप येत नाही’ हेही डॉक्टरांना सांगावे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका